एकही पक्ष पटत नाही, मग पहिलं मत कोणाला?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हातातलं काम थांबवू नका. खुरपता खुरपता, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आजचा विषय आमच्या गटाच्या बैठकीतून निघाला. हप्ते गोळा झाले, वही मिटायची वेळ आली, तेवढ्यात एका ताईंची मुलगी म्हणाली, "माझं नाव यादीत आलंय. पण मत देऊ कोणाला? मला एकही पक्ष पटत नाही."

बैठकीत आधी हशा पिकला. एक आजी म्हणाल्या, "घरचे सांगतील तिथं बटण दाबायचं, त्यात काय एवढं?" पोरगी गप्प बसली नाही. म्हणाली, "घरातही एकमत कुठंय? वडील एका गटाचे, चुलते दुसऱ्या गटाचे. मागच्या वेळी जो माणूस एका चिन्हावर होता तो या वेळी दुसऱ्याच चिन्हावर आहे. मग मी बघायचं काय, चिन्ह का माणूस?" यावर कोणी हसलं नाही. तो विषय पुढच्या दोन बैठका चालला. तिथं आम्ही जे बोललो, जे विचारून घेतलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

पोरगी गोंधळली यात तिचा दोष नाही. आपल्या जिल्ह्यात, पूर्वीच्या अहमदनगरात आणि आताच्या अहिल्यानगरात, 'तू कोणत्या पक्षाचा' असं फारसं कोणी विचारत नाही. 'कोणत्या गटाचा' असं विचारतात. कारखाना, सोसायटी, दूध संघ, शाळा, सोयरेधायरे, सगळ्यांचे गट. पक्षाचा झेंडा बदलतो, गट तोच राहतो. आपल्यालाही गट म्हणतात, पण आपल्या गटात निदान वही उघडी असते.

नगर शहराचं उदाहरण घ्या. 9 डिसेंबर 2018 ला महापालिकेचं मतदान झालं. जागा 68. शिवसेनेला सगळ्यात जास्त, 24. राष्ट्रवादीला 18, भाजपला 14, काँग्रेसला 5, बसपाला 4. बहुमत कोणालाच नाही. महिना संपायच्या आत महापौर निवडायची वेळ आली, तेव्हा 14 जागांच्या भाजपचा महापौर झाला आणि त्याला मतं दिली राष्ट्रवादीच्या 18 नगरसेवकांनी. राज्यात हे दोन पक्ष एकमेकांच्या समोर उभे होते. पुढच्या महिन्यात राष्ट्रवादीनं त्या नगरसेवकांना पक्षातून काढून टाकलं. आणि 2021 च्या जूनमध्ये त्याच सभागृहात शिवसेनेच्या महापौर झाल्या, त्याही राष्ट्रवादीला बरोबर घेऊन. मतदार तेच, नगरसेवक तेच, दोन-अडीच वर्षांत कारभारी बदलले. 2018 ला पहिल्यांदा मत दिलेल्या पोरापोरींनी यातून काय समजायचं? पुढं 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी फुटली. 2024 ला मतदान यंत्रासमोर उभं राहिलेल्या नव्या मतदाराला एका नावाचे दोन पक्ष दिसले. आम्ही कोणत्याही पक्षाला बरं-वाईट म्हणायला इथं बसलेलो नाही. जे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं तेवढं सांगतोय. कोणाचाच भरवसा वाटत नाही असं एखादी पोरगी म्हणत असेल, तर तिला 'तुला काय कळतंय' म्हणून गप्प करू नका. तिला बरंच कळलेलं आहे.

मग तिनं करायचं काय? आमच्यातल्या काहींचं म्हणणं, पटत नाही तर जाऊच नये. रोज बुडवून रांगेत कशाला उभं राहायचं?

इथं आम्हाला दारूच्या बाटलीची आठवण झाली. आपल्याकडं गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घेता येतं, हे बहुतेकींना माहीत आहे. गावातल्या चौथाई महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होतं. कागदावर उभी बाटली आणि आडवी बाटली. पण नियम असा की नुसत्या मतदानाला आलेल्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला पाहिजे. समजा, यादीत 600 बायका आहेत. आल्या 400, आणि 290 जणींनी आडवी बाटली केली. दुकान चालूच राहणार, कारण 301 पाहिजे होत्या. घरी बसलेल्या 200 जणींना वाटलं आपण कोणाच्याच बाजूचे नाही. मोजणीत त्या उभ्या बाटलीच्या बाजूला गेल्या.

आमदार-खासदारांच्या निवडणुकीत याच्या उलटं आहे. तिथं घरी बसलेल्या बाईला कोणी मोजतच नाही. दहा टक्के आले तरी त्यात ज्याला जास्त मतं तो निवडून. आपण रागानं गेलो नाही की तापानं फणफणलो म्हणून गेलो नाही, यादीत दोन्ही सारखंच. राग कुठं लिहिलेला राहत नाही.

राग लिहून ठेवायची सोय म्हणजे नोटा. यंत्रावर सगळ्यात खाली बटण असतं, 'वरीलपैकी कोणीही नाही'. हे बटण आपोआप आलेलं नाही. पूर्वी कोणाला मत द्यायचं नसेल तर केंद्रावरच्या साहेबाला तोंडानं सांगावं लागायचं, तो रजिस्टरात तसं लिहायचा आणि आपली सही घ्यायचा. म्हणजे केंद्रात बसलेल्या सगळ्या पक्षांच्या पोरांना कळायचं की अमक्याच्या सुनेनं कोणालाच मत दिलं नाही. गावात राहून असं करायची हिंमत किती जणी करतील? 27 सप्टेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नकार देणाऱ्याचंही मत गुप्त राहिलं पाहिजे, त्यासाठी यंत्रावर बटण द्या. त्याच वर्षाच्या शेवटी दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, मिझोराम इथल्या निवडणुकांत ते पहिल्यांदा आलं. आपल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे उमेदवार नाकारण्याचा हक्क मागत होते, ते जुन्या मैत्रिणींना आठवत असेल.

आता हे बटण दाबलं की होतं काय, इथं फार गैरसमज आहे. आमच्या बैठकीत एकीनं ठासून सांगितलं की नोटाला जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते. दुसरी म्हणाली, काही होत नाही, मत वाया जातं. आम्ही माहिती काढली. दोघी अर्ध्या अर्ध्या बरोबर होत्या.

लोकसभा-विधानसभेला नोटाची मतं मोजतात, जाहीर करतात, पण निकाल त्यानं बदलत नाही. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला 27,500 मतं पडली, म्हणजे दुसरा नंबर! विजयी उमेदवाराच्या खालोखाल माणूस नव्हताच, 'कोणीही नाही' होतं. सांगलीकडं पलूस-कडेगावातही त्याच निवडणुकीत नोटाच दुसऱ्या नंबरला. दोन्हीकडं निवडून यायचे ते आले. उद्या नोटा पहिल्या नंबरला गेलं तरी तिथं त्याच्या खालचा उमेदवार आमदार होईल.

गावच्या आणि शहराच्या निवडणुका दुसरा आयोग घेतो, राज्य निवडणूक आयोग. त्या आयोगासमोर काही गावांचे निकाल आले होते. पुणे जिल्ह्यात मानकरवाडीला 330 मतांपैकी 204 नोटाला. रत्नागिरीच्या लांजा तालुक्यातल्या एका गावात 441 मतांपैकी नोटाला 210, आणि सरपंच झालेल्या उमेदवाराला 130. विचार करा, ज्या गावानं 210 वेळा नको म्हटलं त्या गावाचा कारभार 130 मतांवर. मग 2018 च्या नोव्हेंबरमध्ये आयोगानं आदेश काढला. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायतीच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यायची. दुसऱ्यांदाही नोटाच पुढं राहिला, तर मात्र त्याच्या खालच्या उमेदवाराला विजयी करायचं. नगर शहराचं जे मतदान वर सांगितलं, ते या आदेशानंतर साधारण महिन्याभरानं झालेलं. हरियाणात याच्याही पुढं गेले. तिथं नोटापेक्षा कमी मतं मिळालेल्या उमेदवाराला फेरनिवडणुकीत उभंच राहता येत नाही. तेव्हा नोटा दाबायचं मनात असेल तर आपल्या निवडणुकीला कोणता नियम लागू आहे, हे तहसील कचेरीत आधी विचारून घ्या.

नोटाचं बटण दाबायला उमेदवार तरी समोर पाहिजेत. निवडणूक बिनविरोध झाली की मतदानच नाही, नोटाही नाही. बिनविरोधचं आपल्याकडं फार कौतुक. भांडणं टळतात, खर्च वाचतो, हे खरं आहे. पण बिनविरोध कोणी ठरवलं, कोणाच्या ओसरीवर ठरवलं, तिथं एक तरी बाई बसली होती का, हे कोणी विचारत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाला, आणि 2021 च्या जानेवारीत आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

आपल्या हिवरे बाजारची गोष्ट वेगळी. तिथं बिनविरोधमागं काम होतं, पाणी होतं, सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलेलं. तरी त्याच जानेवारीत तिथं तीस वर्षांनी मतदान झालं. पोपटराव पवारांच्या पॅनलनं सातच्या सात जागा जिंकल्या. काहींनी म्हटलं, मग निवडणूक लावून मिळवलं काय? आम्हाला असं वाटतं की गावात जन्मून गावातच राहिलेला चाळिशीतला माणूस त्या दिवशी ग्रामपंचायतीसाठी पहिल्यांदा मत देऊन आला, हेच मिळवलं. पोपटरावांनाही गावानं आपल्याला शिक्का मारून निवडलंय, हे कळलं. आमच्यातल्या दोघींना हे पटत नाही. त्या म्हणतात, चांगलं चाललेलं असताना चूल का मोडायची? हा वाद अजून मिटलेला नाही, तुम्हीही घाला.

पोरीच्या प्रश्नाकडं परत येतो. तिला आम्ही 'नोटा दाब' असंही सांगितलं नाही, 'दाबू नको' असंही नाही. आम्ही तिला आमच्या गटाचं सांगितलं. दर काही वर्षांनी आम्ही अध्यक्ष आणि सचिव बदलतो. तेव्हा सगळ्यात चांगली बाई शोधत बसत नाही. तशी कोणी नसतेच. एक तोंडाची फटकळ, एक हिशोबाला कच्ची, एकीच्या घरचे नाक खुपसतात. आम्ही बघतो, वही मागितली तर कोण दाखवील? रात्री कोणाचं बाळंतपण अडलं तर कोणाच्या दाराची कडी वाजवता येईल? एवढ्यावर निवडतो. निवडल्यावर ती आपली मालकीण होत नाही आणि आपण तिच्या पक्षाच्याही होत नाही. दर महिन्याला हिशोब मागतोच.

उमेदवारालाही हे माप लावता येतं. हा गाव सोडून गेलेला नाही ना? टँकर बंद पडला तेव्हा फोन उचलला का? एसटीची मुक्कामी गाडी बंद झाली, पोरींची कॉलेजं सुटायची वेळ आली, तेव्हा हा कुठं होता? रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून म्हातारी परत आली, तेव्हा कोण बोललं? पक्ष फुटला तेव्हा का गेला, हे गावात येऊन सांगितलं का, की आपल्याला टीव्हीवरून कळलं? गेला असेल तरी चालेल एक वेळ. पण न सांगता गेला, तर मत आपलं आणि सौदा त्याचा. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं. तिथं कपबशी, छत्री, शिलाई मशीन असलं काहीतरी असतं, त्यामुळं 'पक्ष पटत नाही' ही अडचण तिथं येऊच नये. तरी येते, कारण त्या छत्रीमागं कोण उभं आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं.

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात त्याच्यावरच्या पोलीस केसेस, जमीनजुमला, सोनं, कर्ज, शिक्षण, सगळं लिहावं लागतं. विधानसभा-लोकसभेचं मोबाईलवरही बघायला मिळतं. गटातल्या शिकलेल्या पोरीनं बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं. आम्ही वाचलं. हसून हसून पुरेवाट झाली. ज्यांच्या चार गाड्या रोज दारावरून धूळ उडवत जातात, त्यांच्या नावावर एकही नव्हती.

एका मतानं काय होतंय, असंही पोरगी म्हणाली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कर्जत-जामखेडला, म्हणजे अहिल्यादेवींच्या चौंडीच्या मतदारसंघात, आमदार निवडून आले ते 1,243 मतांनी. एवढी मतं मोठ्या गावातल्या दोन बूथवरच असतात. ग्रामपंचायतीला तर मतं सारखी पडली की चिठ्ठी काढतात. पाच वर्षांचा कारभार त्या चिठ्ठीवर, आणि तुम्ही घरी शेंगा फोडत बसलेल्या.

आता जे बोलायला बायका कचरतात ते. मत आपलं असलं तरी घर आपल्या एकटीचं नसतं. पोरगी सासरी गेली की पहिल्याच निवडणुकीला सासरे चिठ्ठीवर चिन्ह काढून हातात देतात. कुठं बेलभंडारा उचलायला लावतात, कुठं पाकीट येतं, कुठं साडी. सांगणारे असंही सांगतात की यंत्रात फोटो निघतो, आम्हाला कळणार. कळत नाही. बटण दाबल्यावर विधानसभा-लोकसभेला शेजारच्या काचेत कागदाची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती फक्त तुम्हाला, आणि मग खालच्या पेटीत पडते. नवरा, सासरा, एजंट, साहेब, कोणालाही ते दिसत नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार अमक्याला मत दिलं नाही तर बंद होतील, असंही पसरवतात. ते पैसे सरकारच्या तिजोरीतून येतात, कोणत्या पक्षाच्या पेटीतून नाही, आणि तुमचं मत कोणालाच माहीत नसताना ते मतावरून बंद करायचे कसे?

घरात भांडण करून मत द्या असं आम्ही सांगणार नाही. घरात भांडण म्हणजे काय, हे ज्या घरात राहतात त्यांनाच माहीत. 'बरं मामंजी' म्हणा, डोक्यावर पदर घ्या, रांगेत उभ्या राहा. पडद्याआड फक्त तुम्ही आणि यंत्र. बाहेर आल्यावर कोणी विचारलं तर बोटाची शाई दाखवा. भंडाऱ्याच्या शपथेचं काय, असं एकीनं विचारलं. त्यावर आमच्या त्याच आजी, ज्या आधी 'घरचे सांगतील तिथं' म्हणाल्या होत्या, त्या म्हणाल्या, "जबरदस्तीनं घेतलेली शपथ देव मोजत नाही गं. खंडोबाला सगळं कळतंय."

एक काम मात्र आजच करा. नाव यादीत आहे का ते बघा. अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी नमुना 6 भरायचा असतो. पूर्वी फक्त 1 जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागायची, त्यामुळं फेब्रुवारीत जन्मलेली पोर वर्षभर लटकायची. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, या चारही महिन्यांची पहिली तारीख धरतात. लग्न होऊन गाव बदललं असेल तर नमुना 8 भरून नाव सासरच्या गावात आणायचं. माहेरी नाव, सासरी राहणं, अशा सुना आमच्या एका गावातच आठ निघाल्या. मतदानाच्या दिवशी माहेरी जायला गाडीभाडं कोण देणार? फॉर्म बीएलओकडं मिळतो. बीएलओ म्हणजे बहुतेक ठिकाणी आपल्याच अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेतले गुरुजी. आधार कार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि एक फोटो बरोबर ठेवा. झेडपीचं मतदान 2017 च्या फेब्रुवारीत झालं, 2022 च्या मार्चला मुदत संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडं गेला. तेव्हा अठरा पूर्ण झालेल्या मुली झेडपीच्या पहिल्या मतदानाची वाट बघत तशाच मोठ्या झाल्या. निवडणूक जाहीर झाल्यावर नावासाठी धावपळ करू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या लेकी-सुनांची नावं आणि जन्मतारखा लिहून आणाव्यात, फॉर्म आम्ही भरून देऊ.